दवबिंदू, उणे चाळीस

कवितेतला दवबिंदू गवताच्या पात्यावर असतो.
आमचा पाइपात असतो, सात बार दाबाखाली,
आणि त्याची किंमत युरोत सांगावी लागते,
शुक्रवारी दुपारी दोनच्या आत,
उर्वे काल्लास्ते बाईंना.

व्होरूजवळचा दारं बनवणारा हा कारखाना.
बर्चचं लाकूड, पांढरा रंग, वर वार्निश.
हवा पिळली की ती पाणी सोडते,
ओल्या पंचासारखी,
आणि जुलैत रोज दोन बादल्या सोडते.
एवढं पाणी हवेत होतं कुठे, विचारतात नवे लोक.
तुमच्या श्वासात, म्हणतो हेल्डुर,
आणि तळाची कळ उघडून बादली लावतो.

बाईंचा प्रश्न साधा होता:
पाणी एकोणीस वर्षं येतंय,
यंदाच कोरडं करायचं का सुचलं?

मी तक्ता मांडला.
थंड करून वाळवणारं यंत्र: चार हजार शंभर.
वीज कमी खातं, कुरकुरत नाही,
हवा तीन अंशांवर आणून तिचं पाणी काढून घेतं.
आत, रंगखान्यात, तेवढ्यानं भागतं.
पण आमची एक नळी अंगणातून जाते,
रंगखान्यातून पॅकिंगच्या शेडपर्यंत, छत्तीस मीटर, उघड्यावर,
आणि जानेवारीला आमच्या तीन अंशांची पर्वा नाही.

दुसरं यंत्र, दाणे भरलेल्या दोन टाक्यांचं:
अकरा हजार आठशे.
एक टाकी पाणी पिते तेव्हा दुसरी वाळते,
मग पाळी बदलते, कामगारांसारखी.
उणे चाळीसपर्यंत कोरडं.
फक्त वाळताना आपलीच हवा फुंकून टाकते,
शंभरातले पंधरा भाग,
पैसे मोजून दाबलेली हवा, फुस्स, आकाशात.
हे वाक्य मी तीनदा खोडलं.
मग ठेवलं. लपवलेला खर्च
पहिल्याच बिलात दार वाजवतो.

पुढचे रकाने सोपे होते.
फोड आलेली दारं, गेल्या वर्षी दोनशे चौदा.
गंजलेले सिलिंडर, सहा.
बंद पडलेली पॅकिंग लाइन, अकरा सकाळी.
अडलो एका ओळीवर.
त्या अकरा सकाळी शिडीवर हेल्डुर होता,
गरम हवेची बंदूक घेऊन नळीशेजारी,
कानटोपीवर बर्फ,
आणि तो वेळ कुठल्याच कागदावर नव्हता,
कारण त्यानं कधी लिहून दिला नाही
आणि आम्ही कधी मागितला नाही.

लिहावा, तर यंत्र वर्षभरात फिटतं.
लिहावा, तर बाई विचारतील:
म्हणजे हा माणूस वाचला?
हिशेबात ‘वाचला’ म्हणजे काय होतं
ते मला ठाऊक आहे.

त्याला सरळ दाखवला तक्ता.
चष्मा कपाळावरून खाली घेत त्यानं वाचला,
ओठ हलवत, हळू.
म्हणाला, गुडघा नाही धरलास.
मी म्हटलं, गुडघ्याला रकाना नाही.
मग आख, म्हणाला,
आणि पेन्सिल माझ्याच कानामागून काढली.

शेवटी मंजूर झालं ते तिसरंच.
मोठं थंड यंत्र साऱ्या कारखान्यासाठी,
दाण्यांचं छोटं, फक्त अंगणातल्या नळीपुरतं,
दोन हजार सहाशेचं.
सगळ्या हवेला उणे चाळीस कशाला हवं?
वार्निशला तीन अंश पुरतात.
हे मला आधी का सुचलं नाही
याचा खर्च तक्त्यात धरलेला नाही.
गुडघ्याच्या ओळीसमोर बाईंनी
फक्त एक टिक केली. अर्थ विचारायचं
धाडस मी अजून केलेलं नाही.

डिसेंबरात बाई अंगणात आल्या.
उणे एकवीस होतं. शेडच्या भिंतीमागून
दर चार मिनिटांनी फुस्स.
हा आवाज कसला?
आपले पैसे, मी म्हणालो, प्रामाणिकपणे.
माझी शिडी, हेल्डुर म्हणाला.

शिडी अजून तिथेच आहे, भिंतीला टेकून,
खालच्या दोन पायऱ्या बर्फात.
ती उचलायचं काम
कुणाच्याच नावावर मांडलेलं नाही.